मधला भाग कडक, कोपरे फिसकटलेले: महालातल्या एका भिंतीचं आणि फ्लोटिंग लेन्सचं प्रकरण

नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्यात, ओसरीच्या आतल्या भिंतीवर चुन्याच्या गिलाव्यावर काढलेली चित्रं आहेत. कृष्णलीला आहे, दशावतार आहेत आणि भोवती बेलबुट्टीची चौकट. कवेलूच्या छपरातून दर पावसाळ्यात ओल उतरते, म्हणून छप्पर उतरवून भिंत दुरुस्त करायचं घरच्यांनी ठरवलं. गिलाव्याला हात लागण्याआधी सगळ्या भिंतीची नीट नोंद व्हावी, यासाठी त्यांनी एका तरुण फोटोग्राफरला बोलावलं. त्याने फोटो काढले, जोडले आणि अडला. लेन्स तपासणं-दुरुस्त करणं हे माझं काम, त्यामुळे तो लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला.

ओसरीचे लाकडी खांब आणि भिंत यांच्यात जेमतेम मीटरभर जागा आहे. ट्रायपॉड आणि बॉडीची (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याची) जागा वजा केली तर लेन्सपासून भिंत साधारण ६० सेंटिमीटरवर येते. एवढ्या जागेतून मोठा भाग घ्यायचा तर वाइड लेन्सच लागते. त्याने २४ मिमीची निवडली ते बरोबरच होतं. फुल फ्रेमवर (३६ बाय २४ मिमीच्या सेन्सरवर) २४ मिमी लेन्स ६० सेंटिमीटरवरून सुमारे ८६ बाय ५८ सेंटिमीटरचा तुकडा टिपते. शेजारचे तुकडे एकमेकांवर एक-तृतीयांश चढवून त्याने अख्खी भिंत घेतली आणि संगणकावर जोडली.

जोडलेल्या चित्रात दोष लगेच दिसत होता. खालच्या पट्टीतली बेलबुट्टी डावीकडून पाहत गेलं की काही वेळ पाकळीची रेघ न् रेघ दिसे, कुंचल्याचा केस गिलाव्यात अडकून राहिलेला एके ठिकाणी दिसत होता. पुढे सरकलं की तीच पट्टी पुसट, आणि पुन्हा स्पष्ट. ठरावीक अंतराने हा प्रकार होत होता. म्हणजे चूक जोडणीत नव्हती, प्रत्येक फ्रेम कडेला कमजोर होती.

"भाऊ, मधात पाहा, एकदम कडक," तो म्हणाला. "अन् कोपऱ्यात गेलं का सारं फिसकटून जाते. काहून होऊन राहिलं असं?"

लेन्स होती निकॉनची निक्कोर २४ मिमी एफ/२.८ एआय-एस. हाताने फोकस करायची, फिल्मच्या काळातली, त्याच्या काकांकडून आलेली. आधी तो ती निकॉनच्या डीएसएलआरवर (आत हलणारा आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर) वापरायचा आणि खूश होता. अलीकडे त्याने सोनीच्या ई माउंटची (माउंट म्हणजे लेन्स अडकवायची कडी) मिररलेस, म्हणजे आरसा नसलेली, बॉडी घेतली आणि जुन्या लेन्ससाठी एक स्वस्तातला ॲडाप्टर ऑनलाइन मागवला. त्यात भिंग नसतं, इलेक्ट्रॉनिक्स नसतं. ती दोन्ही बाजूंना माउंट असलेली नुसती धातूची नळी.

माझ्याकडे येण्याआधी त्याला तीन निदानं मिळाली होती. एका दुरुस्तीवाल्याने आतलं भिंग ढिलं झालंय असं सांगितलं. दुसऱ्याने बुरशी म्हटलं. तिसऱ्याचं म्हणणं, मे महिन्यात नागपूरच्या उन्हाने लेन्स "फुगली". बुरशी नव्हती, टॉर्च मारून आरपार पाहिलं तेव्हा भिंगं स्वच्छ होती. उन्हाचा मुद्दा मात्र हिशेब करून बाजूला ठेवावा असा आहे, कारण आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि लोकांना ते कारण पटतं. ॲल्युमिनियम दर अंशाला आपल्या लांबीच्या दशलक्षात सुमारे २३ भाग वाढतं. साडेअठ्ठावीस मिलिमीटरची नळी ३० अंशांनी तापली तर वाढ होते ०.०२ मिमी. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल. उन्हाळ्याचा खरा त्रास जुन्या लेन्सना वेगळा होतो: हेलिकॉइडमधलं (रिंग फिरवली की भिंगं पुढे-मागे नेणाऱ्या आट्यांमधलं) ग्रीस पातळ होऊन त्याचं तेल ॲपर्चरच्या, म्हणजे उजेडाचं भोक लहान-मोठं करणाऱ्या, पात्यांवर येतं. निकॉनच्या ५५ मिमी एफ/२.८ मायक्रोचा हा रोग ठाऊक आहे. पण त्यात पाती चिकटतात, कोपरे पुसट होत नाहीत.

ही लेन्स आतून काय करते

इथे थोडं थांबायला हवं. ही लेन्स फोकस कशी करते ते कळलं नाही तर पुढचं निदान अंदाजपंचे वाटेल.

सर्वांत साध्या लेन्समध्ये फोकस रिंग फिरवली की सगळी भिंगं एकगठ्ठा पुढे सरकतात. वस्तू जितकी जवळ तितकी लेन्स सेन्सरपासून लांब. पण लेन्सचा आराखडा एका ठरावीक अंतरासाठी, बहुतेक वेळा दूरच्या दृश्यासाठी, बांधलेला असतो. भिंगांमधल्या मोकळ्या जागा त्या अंतराला जुळवलेल्या असतात. वस्तू जवळ आली की किरण वेगळ्या कोनांतून आत शिरतात आणि तीच मांडणी पुरेशी ठरत नाही. मधल्या भागाचं फारसं बिघडत नाही. कडेला मात्र फोकसची पातळी सपाट न राहता वाटीसारखी वाकते आणि आडव्या-उभ्या रेघा वेगवेगळ्या ठिकाणी फोकस होऊ लागतात.

५० मिमीच्या नेहमीच्या लेन्सला याचा त्रास कमी, कारण तिचा आराखडा ॲपर्चरच्या दोन्ही बाजूंना बऱ्यापैकी सारखा असतो आणि दोन्हीकडचे काही दोष एकमेकांना खोडतात. एसएलआरच्या (आरशाच्या कॅमेऱ्याच्या) वाइड लेन्सला ती सोय नाही. आरसा हलायला जागा हवी म्हणून निकॉन एफ माउंटचा चेहरा फिल्मपासून ४६.५ मिमीवर आहे. २४ मिमीची लेन्स साध्या पद्धतीने बांधली तर मागची भिंगं आरशाला धडकतील. म्हणून पुढे किरण फाकवणारी भिंगं आणि मागे गोळा करणारी भिंगं अशी एकतर्फी रचना करावी लागते. रचना जितकी एकतर्फी, तितका जवळच्या अंतरावर कडेचा बिघाड जास्त.

यावर उपाय म्हणून फ्लोटिंग एलिमेंट आले. फोकस रिंग फिरते तेव्हा पुढचा आणि मागचा गट सारखे सरकत नाहीत, एक थोडा जास्त सरकतो, एक थोडा कमी. दोघांमधली जागा प्रत्येक अंतरासाठी ठरवलेल्या मापाने बदलते. निकॉनने ही योजना १९६७ साली निक्कोर-एन ऑटो २४ मिमी एफ/२.८ मध्ये आणली आणि तिला क्लोज रेंज करेक्शन असं नाव दिलं. या पोराच्या हातात होती ती त्याच घराण्यातली पुढची पिढी.

म्हणजे या लेन्सची रिंग एकाच वळणात दोन कामं करते. एक, लेन्स सेन्सरपासून योग्य अंतरावर नेते. दोन, गटांमधली जागा त्या अंतराला साजेशी करते. आणि दुसरं काम ती वस्तूकडे पाहून करत नाही. तिला फक्त रिंग कुठे आहे एवढंच समजतं. रिंगवर अर्धा मीटर लिहिलंय तिथे ती उभी असेल, तर वस्तू अर्ध्या मीटरवर आहे असं धरून आतली जागा लागते. फोटोग्राफर स्क्रीनवर मधला भाग मोठा करून फोकस लावतो, म्हणजे पहिलंच काम तपासतो. दुसरं काम कुणीच तपासत नाही.

तपास

चारही कोपरे वेगवेगळ्या फ्रेममध्ये शेजारी शेजारी ठेवून पाहिले. चारही सारखेच पुसट. भिंग ढिलं होऊन तिरकं बसलं असतं तर एक बाजू किंवा एक कोपरा जास्त बिघडला असता. "भिंग ढिलं" हे निदान माझ्या मते इथेच संपलं होतं.

तरी लेन्स ॲडाप्टरसह नव्या बॉडीवर चढवून नीट चाचणी घेतली. सपाट फ्लश दारावर वर्तमानपत्राची पानं चिकटवली, ६० सेंटिमीटरवर ट्रायपॉड लावला. अशा चाचणीत कॅमेरा पृष्ठभागाला काटकोनात नसेल तर सगळा खटाटोप वाया जातो. त्यासाठी एक जुनी युक्ती आहे: दारावर सपाट आरसा धरायचा आणि स्क्रीनच्या बरोबर मध्ये लेन्सला स्वतःचं प्रतिबिंब दिसेपर्यंत कॅमेरा हलवायचा. स्पिरिट लेव्हलपेक्षा मला ही भरवशाची वाटते, कारण जुन्या घरांत दारं-भिंती ओळंब्यात असतातच असं नाही.

एफ/४ वर, म्हणजे ॲपर्चर बरंच उघडं ठेवून, मध्यभागी फोकस लावला तर पानाच्या मधल्या बातमीतले काने-मात्रे स्वच्छ, कोपऱ्यातल्या छोट्या जाहिरातीतले अनुस्वार गायब. मग लाइव्ह व्ह्यूमध्ये (स्क्रीनवरच्या थेट चित्रात) कोपरा मोठा करून फक्त कोपऱ्यावर फोकस लावला. रिंग किंचित फिरवली तसा कोपरा बराच सुधारला आणि मधला भाग सुटला. ही खूण महत्त्वाची. कोपरा कुठेच फोकस होत नसता तर वेगळा विचार करावा लागला असता. तो फोकस होतोय, पण दुसऱ्या पातळीवर, म्हणजे फोकसची पातळी वाकली आहे. आणि ती वाकू नये यासाठीच तर या लेन्समध्ये फ्लोटिंग गट बसवलेला आहे.

मग तीच लेन्स त्याच्या जुन्या डीएसएलआरवर. दोन्ही बॉडी २४ मेगापिक्सेलच्या, फुल फ्रेम. तीच जागा, तीच पानं, तोच एफ/४, लाइव्ह व्ह्यूमधूनच फोकस. कोपरे मधल्या भागाइतके नाहीत, पण जाहिरातीतले अनुस्वार वाचता येत होते. लेन्स निर्दोष सुटली.

आता उरली नवी बॉडी आणि ॲडाप्टर. सेन्सरवरच्या काचेचाही संशय घेता येतो. फिल्मच्या काळातल्या काही वाइड लेन्सना त्या काचेच्या जाडीने कडेला त्रास होतो. पण तो मुख्यतः ज्यांचं मागचं भिंग फिल्मच्या अगदी जवळ जातं अशा रेंजफाइंडर (फिल्मच्या काळातल्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यांच्या) लेन्सना. एसएलआरच्या वाइडमध्ये किरण सेन्सरवर बऱ्यापैकी सरळ येतात. म्हणून काचेचा संशय मागे ठेवला आणि आधी ॲडाप्टर धरला.

त्यासाठी फार काही लागत नाही. धरमपेठेतल्या गच्चीवरून सेमिनरी हिल्सचा टीव्ही टॉवर हे लक्ष्य. डीएसएलआरवर रिंग अनंताच्या (सर्वांत दूरच्या फोकसच्या) खुणेवर टेकवली की टॉवर स्वच्छ. मिररलेसवर ॲडाप्टरसह अनंताच्या खुणेवर टॉवर धूसर, आणि रिंग मागे आणत आणत दोन मीटरच्या आसपास आली तेव्हा कुठे तो स्वच्छ झाला. टॉवर काही दोन मीटरवर नाही. शिवाय या लेन्सचा जवळचा फोकस ३० सेंटिमीटरचा, तो आता ३५ च्या घरात जाऊन अडत होता. त्या पोराला हे जाणवलं होतं, पण नव्या बॉडीचं काहीतरी असेल म्हणून त्याने सोडून दिलं होतं.

निकॉन एफचे ४६.५ आणि सोनी ई चे १८, वजाबाकी २८.५ मिमी. ॲडाप्टर एवढा जाड हवा. डिजिटल व्हर्निअरने दोन्ही माउंटच्या बसणाऱ्या पृष्ठभागांमधलं अंतर चार ठिकाणी मोजलं. चारही ठिकाणी २८.२ च्या आगेमागे. म्हणजे तिरकेपणा नाही, पण ०.३ मिमी कमी. वरचा उन्हाचा ०.०२ आठवा: त्याच्या पंधरापट.

आकड्यांचा खेळ असा आहे. लेन्स अनंतापासून किती पुढे सरकायला हवी, हे नाभीय अंतराचा (या लेन्सचे २४ मिमी) वर्ग भागिले वस्तूचं अंतर (त्यातून नाभीय अंतर वजा करून) असं ढोबळ निघतं. २४ चा वर्ग ५७६. ॲडाप्टर ०.३ मिमी आखूड, तेव्हा टॉवर फोकस करायलाही लेन्सला ०.३ मिमी बाहेर यावं लागतं. ५७६ भागिले ०.३ म्हणजे १,९२० मिमी. दोन मीटरची खूण आली ती इथून. भिंतीचं पाहा. ६० सेंटिमीटरसाठी लेन्स बरोबर १ मिमी पुढे यायला हवी. आखूड ॲडाप्टरमुळे ती १.३ मिमी आणावी लागते, आणि १.३ मिमी म्हणजे रिंगच्या भाषेत ४७ सेंटिमीटर. भिंत ६० वर, आतले गट ४७ च्या हिशेबाने मांडलेले. जवळच्या अंतराचा इलाज गरजेपेक्षा जास्त झाला आणि पातळी उलट्या बाजूला वाकली.

हे ॲडाप्टर आखूड का असतात, याला कारण आहे. ॲडाप्टर केसभर जाड झाला तर लेन्स अनंतापर्यंत पोचतच नाही आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी माल परत पाठवतं. आखूड झाला तर सगळं फोकस होतं, फक्त खुणा चुकतात, आणि खुणांकडे आजकाल कोण बघतं? म्हणून बनवणारे आखूड बाजूला झुकतात. साध्या लेन्सवाल्याचं यात नुकसान नाही. फ्लोटिंग लेन्सवाल्याचं आहे, आणि त्याला ते कुणी सांगत नाही याचा मला मनापासून राग येतो. पोरं चांगल्या लेन्स कवडीमोलाने विकून टाकतात.

दुरुस्ती

ॲडाप्टरच्या लेन्सकडच्या बाजूची कडी चार छोट्या पेचांवर बसवलेली असते. ती काढून खाली ०.३ मिमीची पितळी शिम, म्हणजे जाडी भरून काढणारी पातळ चकती, घातली. इतवारीत यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे शिमचा पत्रा मिळतो, ०.१ चे तीन थर लावण्यापेक्षा एकच पत्रा बरा. कडीच्या आकाराची पूर्ण गोल शिम कापली. फक्त पेचांखाली तुकडे ठेवले तर पेच आवळताना कडी मध्ये लवते. कापताना कडेला बर (धातूची उभी राहिलेली बारीक कड) राहते ती बारीक पॉलिश पेपरवर घासून काढावीच लागते. बर राहिली तर ०.३ ची शिम एका बाजूला ०.३५ होते आणि मग सारखे पुसट कोपरे सुटून एकच कोपरा पुसट होतो. पेच समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत गेलो. पुन्हा मोजलं, चारही ठिकाणी २८.५.

टॉवर अनंताच्या खुणेवर आला. वर्तमानपत्राची चाचणी पुन्हा घेतली आणि मुद्दाम एफ/४ वरच घेतली. मधल्या काळात तो म्हणत होता, "एफ/८ वर घेऊन पाहू ना." पण ॲपर्चर आणि शिम दोन्ही एकदम बदलले असते तर सुधारणा कशामुळे झाली ते कधीच कळलं नसतं. एफ/४ वर कोपरे डीएसएलआरवरच्या कोपऱ्यांच्या बरोबरीला आले. सेन्सरच्या काचेचा वाटा असला तरी डोळ्यांना दिसण्याइतका नव्हता.

भिंत नव्याने घेतली ती मात्र एफ/८ वर, कमी आयएसओ ठेवून, दोन बाजूंनी एलईडी पॅनल तिरके लावून. जुन्या रंगांवर फ्लॅश मारायचा नाही, हे त्याने आधीपासून पाळलं होतं. पहिल्या वेळी एफ/४ त्याने उजेड कमी म्हणून धरला होता. ट्रायपॉड असताना शटर दोन सेकंद उघडं ठेवायला हरकत नव्हती, फक्त ओसरीवरून कुणी चालू नये. घरच्या आजी स्वतः दारात पाटावर बसल्या आणि नातवंडांना आत येऊ दिलं नाही.

जोडलेल्या चित्रात बेलबुट्टीची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग आली. मत्स्यावताराच्या खालचा एक पट्टा तेवढा अजून हलका मऊ राहिला. त्याचा लेन्सशी संबंध नव्हता. तिथे ओलीने भिंतीने पोट काढलं होतं आणि फुगवटा फोकसच्या बाहेर जात होता. तेवढ्या भागाच्या फ्रेम त्याने फुगवट्यावर फोकस लावून वेगळ्या घेतल्या आणि मग जोडल्या.

याच जातीचे इतर घोटाळे

या प्रकरणानंतर त्याने विचारलेल्या दोन-तीन गोष्टी इतरांच्याही कामाच्या आहेत.

एक्स्टेन्शन ट्यूबचं (जवळचं टिपायला लेन्स आणि बॉडीमध्ये लावायच्या पोकळ नळीचं) गणित याच्या उलट चालतं. ट्यूब लावली की लेन्स आधीच पुढे गेलेली असते, त्यामुळे रिंग अनंताजवळ ठेवूनही वस्तू जवळची फोकस होते आणि आतले गट मात्र दूरच्या दृश्यासाठी मांडलेले राहतात. फ्लोटिंग लेन्सवर ट्यूब लावायचीच असेल तर शक्य तितकी आखूड लावावी आणि रिंग जवळच्या टोकाकडे नेऊन काम करावं. संत्र्याच्या पानावरची कोळशी टिपायला ट्यूब वापरणाऱ्यांना याचा फरक मध्यभागी कमी, कडेला जास्त दिसेल.

ऑटोफोकस असलं म्हणून सुटका होत नाही. आजच्या पुष्कळ लेन्समध्ये दोन गट दोन वेगळ्या मोटरींनी हलतात आणि त्यांचा ताळमेळ लेन्सच्या आतला प्रोसेसर ठेवतो. निकॉनच्या झेड मालिकेतल्या १०५ मिमी मायक्रोमध्ये अशी रचना आहे. स्वतःच्या माउंटवर ती उत्तम चालते, जवळच्या अंतरावर जुन्या लेन्सनी कधी दिली नसती अशी कडा देते. पण जुनी ऑटोफोकस लेन्स चुकीच्या जाडीच्या ॲडाप्टरवर लावली तर कॅमेरा सेन्सरवर बघून फोकस बिनचूक लावतो आणि फ्लोटिंग गट तरीही चुकीच्या जागी थांबतो. कॅमेरा बंद असताना काही नव्या लेन्स हलवल्या की आत खडखड होते, ती मात्र बिघाडाची नाही. वीज नसताना मोटर गटाला धरून ठेवत नाही, एवढंच.

तिसरं दुरुस्तीचं. हेलिकॉइडला एकापेक्षा जास्त आटे सुरू होण्याच्या जागा असतात. साफसफाईसाठी लेन्स खोलून परत जोडताना फ्लोटिंग गटाचा आटा शेजारच्या जागेतून शिरला, तर लेन्स बाहेरून ठीक दिसते, अनंतही जुळवून घेता येतं, आणि जवळचे कोपरे कायमचे जातात. अशी लेन्स खोलण्याआधी दोन्ही हेलिकॉइड कुठे सुटतात तिथे सुईने खूण करणारा कारागीरच निवडा. तसं विचारलं तर चांगल्या कारागिराला राग येत नाही.

त्या पोराकडे दुसराही तसाच स्वस्त ॲडाप्टर होता, तोही मोजला तर तितकाच आखूड. तो त्याच्या ५० मिमी एफ/१.८ वर राहतो. ती लेन्स एकगठ्ठा सरकणारी आहे. ०.३ मिमीने तिचं अनंत आठ-साडेआठ मीटरच्या जागी येतं, चित्रात काही फरक पडत नाही, म्हणून त्याला शिम घातली नाही. शिम घातलेल्या ॲडाप्टरवर त्याने पांढऱ्या रंगाने "२४" लिहून ठेवलं आहे.